बिल्डरांच्या संघटनेचा सदस्य असणं म्हणजे नेमकं काय? कर्जत-खालापूरमध्ये घर घेण्याआधी हे समजून घ्या

कर्जत, नेरळ, चौक, खोपोली. मुंबईत भाड्याच्या घरात राहणाऱ्या माणसाच्या मोबाईलवर ही चार नावं सारखी दिसायला लागली की समजायचं, त्याने नुकतंच कुठेतरी 'बजेटमधलं घर' असं शोधलंय.

जाहिरात साधारण ठरलेली असते. मागे हिरवा डोंगर, पुढे स्विमिंग पूल, वर 'विमानतळापासून इतक्या मिनिटांवर' आणि खाली कोपऱ्यात महारेराचा नंबर, क्यूआर कोड आणि एखाद्या संघटनेचा लोगो. लोगोशेजारी बारीक अक्षरांत 'सदस्य' असं लिहिलेलं असतं.

स्थानिक पेपरात आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर याच संघटनेच्या बातम्या येतात. नवी कार्यकारिणी, पदग्रहण सोहळा, इतके नवे सदस्य, रक्तदान शिबिर, मंत्र्यांना निवेदन. फोटोत हार, शाल, पुष्पगुच्छ.

आता प्रश्न असा की, आयुष्यभराची पुंजी लावून टू बीएचके किंवा बंगलो प्लॉट घेणाऱ्याने त्या लोगोकडे पाहून किती विश्वास ठेवायचा? त्यासाठी आधी ही संघटना काय आहे, ती कुणासाठी काम करते आणि तिच्या हातात काय नाही, हे बघावं लागतं.

संघटना आली कुठून?

कर्जत-खालापूर पट्ट्यात जे नाव सगळ्यात जास्त दिसतं ते म्हणजे क्रेडाई-एमसीएचआय.

यातलं एमसीएचआय म्हणजे महाराष्ट्र चेंबर ऑफ हाउसिंग इंडस्ट्री. ही मुंबईतल्या बिल्डरांची संघटना १९८२ मध्ये सुरू झाली. क्रेडाई ही देशपातळीवरची शिखर संघटना १९९९ मधली. एमसीएचआय क्रेडाईशी जोडली गेली आणि नाव झालं क्रेडाई-एमसीएचआय.

१९८२ चा काळ थोडा आठवून बघा. तेव्हा सिमेंट दुकानात जाऊन हवं तेवढं मिळत नव्हतं, ते परवान्यावर मिळायचं. शहरातल्या मोकळ्या जागेवर १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याची मर्यादा होती. म्हणजे घर बांधायचं तर जमिनीसाठीही सरकार आणि सिमेंटसाठीही सरकार.

यात रायगडचाही एक धागा आहे. कुलाबा जिल्ह्याचं नाव १९८१ मध्ये रायगड झालं ते रायगडचेच असलेल्या बॅ. ए. आर. अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात. त्याच वर्षी त्यांच्यावर आरोप झाला की, बिल्डरांना सिमेंट देताना त्या बदल्यात ट्रस्टसाठी देणग्या घेतल्या गेल्या. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला आणि त्यांनी राजीनामा दिला. फौजदारी खटला पुढे बरीच वर्षं चालला, पण त्यात ते दोषी ठरले नाहीत. १९८२ मध्येच सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठलं आणि १९८९ मध्ये ते पूर्ण गेलं.

परवाने असे वाटले जात असताना एकट्याने मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा दहा जणांनी एक लेटरहेड घेऊन जाणं केव्हाही सोयीचं. बिल्डरांच्या संघटना आजही मुळात त्याच कामासाठी आहेत.

मुंबई भरली तशी बांधकामं ठाणे, कल्याण-डोंबिवली, मीरा-विरार, नवी मुंबई असं करत बाहेर सरकली आणि त्यांच्यामागे संघटनेची युनिट्सही सरकली. अलीकडच्या यादीत अलिबाग आणि पेणसोबत कर्जत-खालापूर-खोपोली असं स्वतंत्र युनिट दिसतं. एखाद्या तालुक्यात असं युनिट निघालं की मुंबईचा जमिनीचा बाजार तिथे पोचला, असा त्याचा सरळ अर्थ.

कर्जत-खालापूरलाच वेगळं युनिट कशाला?

रायगड म्हटलं की लोकांना समुद्र आठवतो. हे दोन तालुके मात्र सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. कर्जतमधून उल्हास नदी वाहते, खालापूरमधून पाताळगंगा. टाटांची जुनी जलविद्युत केंद्रं इथेच, खोपोलीचं १९१५ चं आणि भिवपुरीचं १९२२ चं. कारखाने खोपोली-खालापुरात, भातशेती आणि फार्महाऊस कर्जतला, अशी ढोबळ विभागणी बरीच वर्षं होती.

मग रस्ते आणि रेल्वेने गणित बदललं. मध्य रेल्वेची लोकल कर्जतपर्यंत येतेच, पुढे खोपोलीचा फाटा आहे. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण सुरू झाला, तो खालापूरमधून जातो. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका थीम पार्क उघडलं. पनवेल-कर्जत या साधारण २९.६ किलोमीटरच्या नव्या उपनगरी मार्गाला मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात मंजुरी मिळाली. त्यात पनवेल आणि कर्जतच्या मध्ये चिखले, मोहोपे आणि चौक ही स्टेशनं आहेत. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमानं उडू लागली.

मागणी वाढली. पण इथे बांधकामाची परवानगी घ्यायची कुणाकडून, हा प्रश्न जितका वाटतो तितका सोपा नाही.

कर्जत आणि खोपोलीत नगरपरिषद आहे. खालापूरला नगरपंचायत आहे. माथेरान ही गिरिस्थान नगरपरिषद. बाकी गावांत ग्रामपंचायती, आणि त्यांच्या वर जिल्हाधिकारी व नगररचना विभाग, म्हणजे अलिबागची वारी. त्यात २०१३ मध्ये विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी 'नैना' अधिसूचित झालं आणि सिडको तिथलं नियोजन प्राधिकरण झालं. त्या क्षेत्रात पनवेल, उरण, पेणसोबत कर्जत आणि खालापूरचीही गावं होती. शिवाय हा भाग मुंबई महानगर प्रदेशाशी जोडलेला असल्याने तिथे एमएमआरडीएची प्रादेशिक योजना येते.

डिसेंबर २०२० मध्ये राज्याने बांधकामासाठी एकत्रित नियमावली आणली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. पण तिच्यातूनही नैना, गिरिस्थान नगरपरिषदा आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रं वगळली गेली. म्हणजे एकाच रस्त्यावरच्या दोन गावांत नियमांची दोन वेगळी पुस्तकं लागू होऊ शकतात.

स्थानिक युनिटचं खरं काम इथे सुरू होतं. परवानगी कुठे अडली, गावाचा रस्ता आराखड्यात किती रुंद दाखवलाय, वीजजोडणी का रखडली, हे मुंबईच्या कार्यालयात बसून कळत नाही. ते स्थानिक माणसाला माहीत असतं.

सदस्यसंख्या वाढण्यामागे कायद्याचाही हात आहे

रेरा कायदा २०१६ चा. तो १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला आणि महाराष्ट्रात महारेरा उभी राहिली. तोपर्यंत बिल्डरने संघटनेत जायचं की नाही हा सर्वस्वी त्याच्या मर्जीचा प्रश्न होता.

ऑक्टोबर २०१९ मध्ये महारेराने एक परिपत्रक काढलं. त्यानुसार प्रकल्पाची नोंदणी करणाऱ्या प्रवर्तकाने महारेराने मान्यता दिलेल्या एखाद्या स्वयंनियामक संघटनेचा सदस्य असायला हवं. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'एसआरओ' म्हणतात. अशी मान्यता मिळवायची तर संघटनेच्या सदस्यांचे मिळून किमान ५०० महारेरा-नोंदणीकृत प्रकल्प असावेत, अशी अट त्या वेळी ठेवली गेली.

आता हिशेब करा. दोन तालुक्यांतल्या बिल्डरांनी कितीही घट्ट मोट बांधली तरी ५०० प्रकल्पांचा आकडा त्यांच्या एकट्याच्या आवाक्यातला नव्हता. मग स्वतःची छोटी संघटना काढण्यापेक्षा मोठ्या मान्यताप्राप्त संघटनेचं स्थानिक युनिट होणं सोपं. क्रेडाई-एमसीएचआयशिवाय क्रेडाई महाराष्ट्र, नरेडको वेस्ट, बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया, मराठी बांधकाम व्यावसायिक असोसिएशन अशा संघटनाही या मान्यताप्राप्त यादीत आल्या.

यातून ग्राहकाने दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या.

पहिली, 'सदस्य आहे' हा गौरव नाही, ती पूर्तता आहे. गाडी चालवणाऱ्याने 'माझ्याकडे लायसन्स आहे' असं फ्लेक्सवर छापावं, तसलाच हा प्रकार. लायसन्स नसेल तर गाडीत बसू नये हे खरं, पण लायसन्स आहे म्हणून तो नीट चालवेलच असं नाही.

दुसरी, स्थानिक युनिटच्या यादीत नाव नाही म्हणून बिल्डर खोटा ठरत नाही. तो दुसऱ्या मान्यताप्राप्त संघटनेत असू शकतो. ते महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या कागदपत्रांत बघता येतं.

आणि एक मोठी फट आहे. ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नाही किंवा ज्यात आठपेक्षा जास्त सदनिका नाहीत, त्याला रेरा नोंदणी बंधनकारक नाही. नोंदणीच नाही म्हटल्यावर एसआरओची अटही नाही. कर्जत-नेरळसारख्या भागात गल्लीतली छोटी इमारत याच फटीत बसते. तिथे घर घेणाऱ्याला १९६३ चा मोफा कायदा आणि ग्राहक आयोग यांचाच आधार. रायगडचा जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला आहे.

मग संघटना वर्षभर करते काय?

बातम्यांत दिसतं ते म्हणजे प्रॉपर्टी प्रदर्शन, शिबिरं, वृक्षारोपण. पण जास्त परिणाम होतो तो निवेदनांचा.

कोविडचं उदाहरण घ्या. २०२० मध्ये विक्री ठप्प झाली. संघटनांनी मुद्रांक शुल्क कमी करा म्हणून सरकारकडे धरणं धरलं. राज्य सरकारने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात शुल्क ३ टक्क्यांनी आणि जानेवारी ते मार्च २०२१ मध्ये २ टक्क्यांनी कमी केलं. नोंदणी कार्यालयांसमोर रांगा लागल्या. इथे बिल्डरचा माल खपला आणि ग्राहकाचेही पैसे वाचले. दोघांचं हित जुळलं की निवेदन दोघांच्याही कामाचं ठरतं.

दुसरं उदाहरण कर्जतच्या जास्त जवळचं आहे. १ एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या परवडणाऱ्या घरांवर १ टक्का जीएसटी आणि बाकी घरांवर ५ टक्के असा नियम आहे. 'परवडणारं' कशाला म्हणायचं? किंमत ४५ लाखांपर्यंत हवी आणि चटईक्षेत्र महानगरांत ६० चौरस मीटर, इतरत्र ९० चौरस मीटरपर्यंत. महानगर म्हणजे काय याच्या व्याख्येत संपूर्ण मुंबई महानगर प्रदेश येतो. त्यामुळे या प्रदेशात मोडणाऱ्या गावातलं घरही दक्षिण मुंबईसारखं ६० मीटरच्या पट्टीने मोजलं जातं. ६० मीटर म्हणजे साधारण ६४५ चौरस फूट. त्याहून एक खोली मोठी झाली की कर १ वरून ५ टक्क्यांवर. ४० लाखांच्या घरावर हा फरक १ लाख ६० हजारांचा होतो. ही ४५ लाखांची मर्यादा वाढवा, अशी मागणी बिल्डर संघटना अनेक वर्षं अर्थसंकल्पाआधी करत आल्या आहेत.

तिसरं उदाहरण सिमेंटचं. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही १९४१ मधली जुनी संघटना. तिने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की, सिमेंट कंपन्या संगनमत करून भाव चढे ठेवतात. जून २०१२ मध्ये आयोगाने ११ सिमेंट कंपन्यांना मिळून सुमारे ६,३०० कोटी रुपयांचा दंड लावला. ते प्रकरण पुढे अपिलांत बरंच फिरलं. पण त्यातली गंमत अशी की, आयोगाने ठपका ठेवला त्यात सिमेंट उत्पादकांची संघटनासुद्धा होती. एका संघटनेने भाव पाडण्यासाठी दाद मागितली, दुसरीच्या बैठकांवर भाव चढवल्याचा संशय आला.

म्हणजे संघटना चांगली की वाईट असा सरसकट निकाल देता येत नाही. ती तिच्या सदस्यांच्या फायद्याची असते. तो फायदा तुमच्या फायद्याशी जुळतो का, हे प्रत्येक वेळी वेगळं तपासावं लागतं.

ग्राहकाला संघटनेचा उपयोग कुठे होतो?

एका ठिकाणी नक्की होतो, आणि तो थेट कायद्यात लिहिलेला आहे.

रेरा कायद्याच्या कलम ३२ मध्ये प्राधिकरणाची कामं दिली आहेत. त्यात ग्राहक संघटना आणि प्रवर्तकांच्या संघटना यांनी उभारलेल्या मंचांमार्फत वाद सामोपचाराने मिटवण्याची सोय करावी, असं म्हटलं आहे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये असा सलोखा मंच सुरू केला. त्यात मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेचा प्रतिनिधी आणि बिल्डर संघटनेचा प्रतिनिधी शेजारी बसून दोन्ही बाजू ऐकतात.

ताबा उशिरा मिळतोय, पार्किंगचा घोळ आहे, गळतीची दुरुस्ती होत नाही अशा भांडणांत ही पायरी उपयोगी पडते. बिल्डरला आपल्याच व्यवसायातल्या माणसासमोर फार ताणता येत नाही. पण सलोखा दोघांच्या संमतीवर चालतो. एकाने नाही म्हटलं की पुन्हा महारेराचीच पायरी चढायची.

आणि संघटनेच्या हातात काय नाही?

संघटना पैसे परत मिळवून देऊ शकत नाही. प्रकल्प पूर्ण करून देऊ शकत नाही. बिल्डरवर दंड बसवू शकत नाही. फार तर सदस्यत्व काढून घेऊ शकते, आणि अर्ध्यावर अडकलेल्या इमारतीतल्या ग्राहकाला त्याचा काही उपयोग नाही.

खरी ताकद कायद्यात आहे. त्यातल्या पाच तरतुदी तोंडपाठ असाव्यात अशा आहेत:

• विक्री करार नोंदवण्याआधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही.

• ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र बँक खात्यात ठेवावे लागतात आणि ते जमीन व बांधकामाच्या खर्चासाठीच काढता येतात.

• ठरलेल्या तारखेला ताबा दिला नाही तर ग्राहक बाहेर पडून व्याजासह पैसे मागू शकतो, किंवा प्रकल्पात राहून विलंबाचं व्याज मागू शकतो. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा २ टक्के जास्त असतो.

• ताब्यानंतर ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा.

• जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं तर भरपाई मागता येते.

शेवटच्या तरतुदीत एक मेख आहे. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' हे बिल्डरचं विधान झालं. 'नवा रेल्वेमार्ग येणार' हे सरकारचं काम आहे. रेल्वेला उशीर झाला म्हणून बिल्डरला जबाबदार धरणं कठीण. त्यामुळे घर घेताना आज जेवढा रस्ता आणि जेवढी लोकल आहे, तेवढ्यावरच हिशेब मांडलेला बरा.

महारेराचा आदेश मिळाला म्हणजे पैसे खात्यात आले असंही नाही. बिल्डरने दिले नाहीत तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करायची असते आणि ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. म्हणून तक्रारीची वेळच येऊ नये, यासाठी आधी केलेली तपासणी स्वस्त पडते.

इथल्या जमिनीचे चार प्रश्न, जे लोगो सांगत नाही

पहिला प्रश्न, जमीन मूळ कुणाची? या दोन्ही तालुक्यांत ठाकर आणि कातकरी वस्ती मोठी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला शासनाच्या पूर्वमान्यतेने मिळालेल्या जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. सातबाऱ्यावर आज नाव कुणाचंही असो, जुने फेरफार काढून बघायलाच हवेत. भोगवटादार वर्ग २ आणि कुळाच्या जमिनींचंही तसंच.

दुसरा प्रश्न, ती बिगरशेती आहे का? महाराष्ट्रात शेतजमीन शेतकरीच विकत घेऊ शकतो. 'फार्महाऊस प्लॉट, एनए करून देऊ' असं सांगणाऱ्याकडून घेतलेला तुकडा पुढे नावावर चढताना अडतो. प्लॉट पाडून विकणं हाही रेराच्या व्याख्येत प्रकल्पच आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडले असतील तर नोंदणी क्रमांक मागायचाच.

तिसरा प्रश्न, डोंगर किती जवळ आहे? केंद्र सरकारने २००३ मध्ये माथेरान आणि आजूबाजूचं २१४.७३ चौरस किलोमीटर क्षेत्र पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केलं. त्यात बांधकामावर बंधनं आहेत. तसंच १:५ पेक्षा तीव्र उतारावर विकासाला परवानगी नसते.

हे नियम कागदी वाटत असतील तर इर्शाळवाडी आठवावी. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळगडाच्या पायथ्याच्या या ठाकरवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले. तिथे बिल्डरचा प्रकल्प नव्हता, पिढ्यानपिढ्यांची वस्ती होती. दरडप्रवण गावांच्या यादीतही तिचं नाव नव्हतं. यादीत नसलेला डोंगरही खाली येतो, हे त्या रात्रीने दाखवलं. 'हिल व्ह्यू'साठी जास्त पैसे मोजणाऱ्याने तो डोंगर पावसाळ्यात कसा वागतो हे गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावं.

चौथा प्रश्न, नदी कुठपर्यंत येते? पाटबंधारे विभाग नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेच्या मधला पट्टा बांधकामासाठी निषिद्ध, निळ्या-लाल रेषांमध्ये निर्बंध. 'रिव्हर टच' ही जाहिरातीतली ओळ वाचली की आधी पूररेषेचा नकाशा मागायचा.

बैठकीत कोण नसतं?

बिल्डरांची संघटना आहे, सिमेंटवाल्यांची आहे, एजंटांच्याही आहेत. फ्लॅट बुक केलेल्या लोकांची मात्र ताबा मिळेपर्यंत बहुतेकदा काहीच नसते. एक घाटकोपरला राहतो, दुसरा डोंबिवलीला, तिसरा दुबईत. एकमेकांची तोंडओळखही नाही.

कायद्याने यावर उपाय दिलाय. निम्म्याहून जास्त घरांचं बुकिंग झालं की तीन महिन्यांत ग्राहकांची सोसायटी किंवा तत्सम संस्था उभी करायला बिल्डरने मदत करायची असते. ती होईपर्यंत साधा व्हॉट्सअॅप ग्रुपही चालतो. एकट्याचा मेल दुर्लक्षित राहतो, चाळीस जणांच्या सह्यांच्या पत्राला उत्तर येतं. बिल्डरांना जे १९८२ मध्ये उमगलं, ते ग्राहकांनाही लागू आहे.

ज्यांचा आवाज आणखी कमी पोचतो तो बांधकामावरच्या मजुरांचा. बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर मजुरांच्या कल्याणासाठी भरावा लागतो. पण मंडळाकडे नाव नोंदलेल्या मजुरालाच त्याचा लाभ मिळतो. संघटनेचं शिबिर खरंच उपयोगी पडावं असं वाटत असेल तर प्रत्येक साइटवरच्या मजुराची नोंदणी करून देण्याएवढं चांगलं शिबिर नाही. अशी बातमी दिसली तर ती पदग्रहणाच्या फोटोपेक्षा मोठी समजावी.

तर बातमी कशी वाचायची?

'इतके नवे सदस्य' असं वाचलं तर विचारा, त्यांचे प्रकल्प महारेरावर नोंदलेत का आणि त्यातले किती वेळेत पूर्ण झालेत? हे संकेतस्थळावर फुकट दिसतं.

'सरकारला निवेदन' असं वाचलं तर बघा, मागणी मान्य झाल्यावर घराचा भाव उतरणार की फक्त बिल्डरचा खर्च?

'भव्य प्रदर्शन' असेल तर जरूर जा. एकाच छताखाली दहा प्रकल्पांची तुलना होते. फक्त 'आजच्या दिवसापुरती ऑफर' ऐकून तिथल्या तिथे चेक फाडू नका.

ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड देणं बंधनकारक आहे. तो स्कॅन करा. ताब्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली, मंजूर नकाशा कुठल्या प्राधिकरणाचा आहे, जमिनीचा कायदेशीर अहवाल काय म्हणतो, त्या बिल्डरवर किती तक्रारी आहेत, हे सगळं तिथे मिळतं. मग एक दिवस रजा काढून कर्जतची लोकल पकडा आणि जागेवर जा. शक्यतो जुलैमध्ये, भर पावसात. रस्ता, पाणी, उतार आणि नदी हे चारही तेव्हा आपोआप दिसतात.